मॅक मिनी एम-वन: साताऱ्यातल्या एका डीटीपीवालीचा अनुभव

साताऱ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम-वन चिपचा मॅक मिनी, म्हणजे डब्याएवढा छोटा संगणक, बाजारात आणला. पुढच्या वर्षी मी तो घेतला. ८ जीबी मेमरी, २५६ जीबी स्टोरेज, छापील किंमत ६४,९०० रुपये. तेव्हापासून रोज आठ-दहा तास त्याच्यावर काम चाललंय, त्यामुळे हे खोका उघडल्या दिवशीचं कौतुक नाही.

घ्यायला लावला भाच्याने. तो हिंजवडीत नोकरीला. "मावशी, परत इंटेलवालं मशीन घेऊ नकोस, ते घोडं दमलंय आता." मला घोड्यांचा अनुभव दांडगा. शिकले ते डॉसच्या मशीनवर, आत सी-डॅक या सरकारी संस्थेचं, संगणकावर मराठी उमटवणारं जिस्ट कार्ड बसवलेलं. क्लासचे सर त्या कार्डाला हात लावू द्यायचे नाहीत. मग विंडोज आणि पानं लावायचं पेजमेकर. पेजमेकर २००१ च्या ७.० आवृत्तीवर थांबला, मी मात्र पुढे दहा वर्षं त्यातच बसून होते. मग त्याच कामाचं इनडिझाइन. दर वेळी दुकानदार म्हणायचा, आता हेच चालणार.

ॲपलने तरी कुठे एका घोड्यावर दम धरला? मोटोरोलाची चिप सोडून १९९४ ला पॉवरपीसी, २००६ ला इंटेल, २०२० ला स्वतःची. फक्त दर वेळी जुने प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणारा एक दुभाष्या सोबत दिला. आत्ताच्या दुभाष्याचं नाव रोझेटा २. सुरुवातीचे काही महिने इनडिझाइन मी त्याच्यामार्फतच चालवलं आणि मला फरक कळलासुद्धा नाही. जून २०२१ ला अडोबीने, म्हणजे इनडिझाइनच्या कंपनीने, थेट या चिपसाठीचं इनडिझाइन दिलं, तेव्हा २०० पानांचा अंक पीडीएफ करताना फरक कळला. पूर्वी पीडीएफला लावून चहा टाकायचे. आता गॅस पेटवेपर्यंत फाइल तयार.

वीज कमाल ३९ वॅट खातं. ज्यांच्याकडे ऐन सीझनला लाइट जाते, त्यांनाच या आकड्याची किंमत कळेल. जुनं मशीन असताना यूपीएस ओरडायला लागला की सेव्ह करून बंद करण्याइतकाच वेळ मिळायचा. आता त्याच यूपीएसवर अर्धी पत्रिका होते. पंख्याचा आवाज येत नाही. डबा पोळीच्या डब्याएवढा, त्यावर माझी पंचांगाची चळत असते.

मराठीचं सांगते, कारण इतर परीक्षणांत ते कुणी सांगत नाही. फॉन्टच्या यादीत 'श्री देवनागरी ७१४' दिसला आणि मी चमकलेच. हा आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा. कॅलिफोर्नियाच्या डब्यात घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. कीबोर्ड दोन मिळतात, सरकारी मांडणीचा इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायचा. माझी बोटं रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची, टायपिंगच्या परीक्षेपासूनची. युकेलेली नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन दोन संध्याकाळी बसून स्वतःचा रेमिंग्टन लेआउट केला. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर ती सोय असलेला फॉन्ट निवडायचा आणि इनडिझाइनमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवायची. हिंदी राहिली तर हिंदीतले ल आणि श येतात, आणि आमचे एक संपादक सर फोन करून विचारतात, "ताई, अंक कानपूरला छापताय का?"

आता माझी चूक. माझ्याकडे १९९८ ते २०१४ ची सगळी कामं जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा. ते फॉन्ट चालवणारं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल, म्हणजे मशीनला मागे खोचायची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. मी धरून चालले होते की मॅकवर विंडोज टाकू आणि डोंगल लावू. इंटेलच्या मॅकवर तसं करता यायचं. एम-वन ही एआरएम नावाच्या वेगळ्या जातीची चिप, तिच्यावर फक्त एआरएमचं विंडोज चालतं, तेही मॅकच्या आत दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून. त्यात प्रोग्रॅमला दुभाष्या मिळतो, डोंगल ओळखणाऱ्या ड्रायव्हरला मिळत नाही. सॉफ्टवेअर उघडलं, "डोंगल सापडले नाही" म्हणालं आणि बंद झालं. विकत घेण्याआधी हे भाच्याला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्यालाही ठाऊक नव्हतंच. त्याने आयुष्यात डोंगल पाहिलेलं नव्हतं.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर. युनिकोड म्हणजे कुठल्याही मशीनवर तोच राहणारा अक्षरांचा संकेत. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये तो 'र' म्हणून अक्षराच्या आधी साठवला जातो. कन्व्हर्टरने ही अदलाबदल केली नाही की 'आर्थिक वर्ष' चं 'आथिर्क वषर्' होतं. पतसंस्थेच्या अहवालात हा शब्द पानागणिक! आणि आमच्या गावाची तर चेष्टाच: 'साताऱ्याचा' तिकडून 'सातार्याचा' होऊन येतो. एका शाळेच्या स्मरणिकेची नवी आवृत्ती काढताना १४० पानं मी आणि माझ्या मदतनीस मुलीने डोळ्यांनी तपासली. यात मॅकचा दोष काडीचा नाही. उलट २०१४ नंतरचं जे काम युनिकोडमध्ये केलं, ते पेनड्राइव्हवरून आणलं, उघडलं आणि छापलं. चिप कुठली, कंपनी कुठली, त्या मजकुराला पत्ताही नव्हता.

८ जीबी घेऊ नका. नंतर वाढवता येत नाही, मेमरी चिपसोबतच बसवलेली असते. फ्लेक्सवाल्यांसाठी कोरल हे चित्रं-अक्षरं आखायचं सॉफ्टवेअर उघडून शेजारी इनडिझाइन आणि ब्राउझर ठेवला की कामाला जडपणा येतो. कोरल मॅकवर २०१९ पासून परत आलंय, फ्लेक्सची फाइल त्यात होते. एवढं सोडलं तर पाचपैकी चार तारे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणून मदतनीस मुलीसाठी दुसरं मशीन बघायला पुण्याला गेले होते. तिथला मुलगा मला एआय पीसी विकत होता. "मॅडम, ४० टॉप्सचा एनपीयू आहे, फ्यूचर प्रूफ!" एनपीयू म्हणजे एआयची कामं करणारा भाग, टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप. चिप त्यातही एआरएमचीच. मी डोंगलचं विचारलं. तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "डोंगल म्हणजे वायफायचं का?" साधं इंटेलचं मशीन घेऊन परत आले, १६ जीबीचं.

जुनं विंडोज ७ चं मशीन अजून टेबलाखाली आहे. इंटरनेट काढून टाकलंय, मागे डोंगल लावलेलं. खंडेनवमीला हळदकुंकू आधी त्या डोंगलला, मग मॅकला. त्याचा मदरबोर्ड आता कुरकुरायला लागलाय. साताऱ्यात किंवा कराडला कुणाकडे त्या काळातला चालू स्थितीतला बोर्ड पडून असेल तर सांगा, मी न्यायला येईन.