मिसिसागातला फुकटचा जॉब सर्च प्रोग्राम: सिव्हिलवाल्यांना कितपत उपयोगाचा? (5 पैकी साडेतीन स्टार)

पीआर, म्हणजे कॅनडात कायमचं राहायची परवानगी, घेऊन टोरंटो साइडला आलेल्या किंवा येऊ घातलेल्या सिव्हिलवाल्यांसाठी लिहितेय. आयटीवाल्यांनी वाचलं तरी चालेल पण त्यांचं गणित वेगळं असतं, त्यांनी नंतर कमेंटमध्ये भांडू नये. मी इथल्या एका सेटलमेंट संस्थेचा, म्हणजे नव्याने आलेल्यांना बस्तान बसवायला मदत करणाऱ्या संस्थेचा, बाहेरून शिकून आलेल्या इंजिनीअर लोकांसाठीचा जॉब सर्च प्रोग्राम पूर्ण केला, त्याचा हा रिव्ह्यू. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे थोडं वाकडंही बोलणार आहे, आणि तसंही पील (मिसिसागा ह्याच भागात येतं) आणि टोरंटोत अशा संस्था भरपूर आहेत, सगळ्यांचा साचा जवळपास एकच.

पैसे किती, तर शून्य. सरकारी फंडिंगवर चालतात ह्या. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, पैशातला प्रोग्राम असेल तर तुम्ही पीआर असायला पाहिजे, सिटिझन झालात की संपलं, आणि स्टडी परमिट किंवा वर्क परमिटवाल्यांना त्यात सहसा घेत नाहीत. त्यांनी एम्प्लॉयमेंट ऑन्टारियोच्या, म्हणजे प्रांत सरकारच्या नोकरी-मदतीच्या, सेंटरमध्ये विचारावं, तिथे नियम वेगळे आहेत. फुकट आहे म्हणून दर्जा भंगार असणार असं आपल्याला वाटतं ना, तसं नाहीये, पण फुकट आहे म्हणून वेळ मात्र तुमचाच जातो. नाव नोंदवल्यावर बॅच लागेपर्यंत बरंच ताटकळावं लागलं आणि त्या काळात मी रात्रीची वेअरहाउसला जात होते, मिनिमम वेजवर, जो ऑन्टारियोत ऑक्टोबर 2025 मध्ये तासाला 17.60 डॉलर झाला. सकाळी झोपेचं खोबरं करून हुरॉन्टारियोच्या बसमध्ये बसायचं आणि खिडकीतून एलआरटीचं (ट्रामसारख्या हलक्या रेल्वेचं) काम बघायचं, तिथे लोक हेल्मेट घालून माझंच काम करतायत आणि मी स्कॅनर चालवून आलेय, असले विचार तेव्हा रोज यायचे. असो.

आता मुद्द्याचं. ह्या प्रोग्रामातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे माझी काउन्सेलर. बाई स्वतः वीसेक वर्षांपूर्वी कराचीहून आलेल्या, तिकडे टेक्स्टाइल इंजिनीअर होत्या, इथे तीन-चार लाइनी बदलून ह्या कामात आल्या. माझा रेझ्युमे पाच पानी होता, वर फोटो, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, वडिलांचं नाव, म्हणजे जवळपास स्थळासाठी पाठवायचा बायोडेटाच. त्यांनी तो बघितला आणि पहिल्या मीटिंगमध्ये पेनच उचललं नाही, नुसते प्रश्न विचारत बसल्या. 240 कोटींचं प्रोजेक्ट लिहिलंय, म्हणजे किती, तुमच्या हाताखाली किती माणसं, उशीर होत होता तर तुम्ही नक्की काय केलंत, हे प्रोजेक्टचं कौतुक झालं, तुमचं काम कुठेय ह्यात. अर्धं हिंदी अर्धं उर्दू असं चाललं होतं आणि मला खरंच घाम फुटला, कारण पुण्यात कधी कोणी असं विचारलंच नव्हतं, तिकडे कंपनीचं नाव आणि मेट्रोची साइट एवढं सांगितलं की पुढचं समोरचा समजून घेतो. इथे कंपनीचं नाव कोणी ऐकलेलं नसतं, त्यामुळे ते वजन गेलंच. मग कोटींचे मिलियन डॉलर झाले, आरए बिलं (चालू कामाची बिलं), पीडब्ल्यूडीचा डीएसआर (सरकारी दरपत्रक), आयएस 456 (कॉंक्रीटचा भारतीय कोड) हे सगळं एकतर उलगडून लिहिलं किंवा काढलं, आणि पाच पानांची दोन झाली. ह्या दोन पानांसाठी पूर्ण प्रोग्राम केला असता तरी वसूल होता असं माझं मत.

अजून एक त्यांनीच सांगितलं ते आपल्या लोकांना माहीत नसतं. ऑन्टारियोत लायसन्स नसताना स्वतःला इंजिनीअर म्हणवून घेता येत नाही, कायदाच आहे तसा. जुन्या नोकरीचं पद तिकडे जे होतं ते रेझ्युमेत चालतं पण लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये मोठ्ठं इंजिनीअर लावून बसू नका. मी प्लॅनिंग अँड कॉस्ट कंट्रोल असं केलं, आणि गंमत म्हणजे त्यानंतर रिक्रूटरचे मेसेज वाढले, कारण ते लोक पदापेक्षा कामाच्या नावानेच सर्च करतात.

वर्कशॉप्स मात्र, काय सांगू. कॅनेडियन वर्कप्लेस कल्चरवर अख्खी सकाळ, डोळ्यात बघून बोला, वेळेवर या, हवामानावर गप्पा मारा. चाळिशीतली माणसं, कोणी नायजेरियात पूल बांधलेत, कोणी तेहरानमध्ये टनेल केलंय, आणि त्यांना हँडशेक शिकवतायत. लिंक्डइनचं वर्कशॉप तर लायब्ररीचं कार्ड काढून लिंक्डइन लर्निंगवर घरी बसून होईल, टोरंटो पब्लिक लायब्ररी ते फुकट देते. ह्या भागाला मी दोन स्टार देईन, तेही चहा-कॉफी ठेवतात म्हणून.

पण मग एक दिवस एक रिटायर्ड एस्टिमेटर (बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढणारे) आले, व्हॉलंटियर म्हणून, आणि त्या एका दुपारने सगळं भरून काढलं. त्यांनी पीपीटी वगैरे काही नाही, एक जुन्या टेंडरचा सेट टेबलावर टाकला आणि म्हणाले चला ह्याला कॉंक्रीट किती लागेल ते काढू. इथे कॉन्ट्रॅक्ट सीसीडीसी 2 ह्या ठरावीक नमुन्यावर कसं चालतं, योग्य इन्व्हॉइस मिळाल्यापासून 28 दिवसांत मालकाने पैसे द्यायचे हा नियम ऑन्टारियोत 2019 पासून आलाय, प्रत्येक बिलातून 10 टक्के होल्डबॅक कापतात, म्हणजे नंतर द्यायला राखून ठेवतात, टेकऑफ (ड्रॉइंगवरून मालाचं माप काढणं) आता कागदावर कोणी करत नाही, ब्लूबीम नावाच्या सॉफ्टवेअरवर करतात, ड्रॉइंग कधी मेट्रिकमध्ये कधी फूट-इंचात, दोन्हीत हात बसायला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सांगितलं की मोठ्या जनरल कॉन्ट्रॅक्टरांच्या मागे सगळेच लागतात, तुम्ही ट्रेडवाल्यांकडे जा, म्हणजे फॉर्मवर्क (सेंटरिंग), रीबार (सळया), ड्रायवॉल (जिप्समच्या भिंती) करणारे सबकॉन्ट्रॅक्टर. त्यांच्याकडे टेंडर क्लोजिंगच्या आठवड्यात माणसं कमी पडतात आणि ते बऱ्याचदा इन्डीड ह्या जॉब साइटवर जाहिरातही टाकत नाहीत, मालकाच्या ओळखीतून माणूस येतो. ही माहिती मला कुठल्याही यूट्यूबवर मिळाली नव्हती, तिथे सगळे आयटीचंच सांगतात.

मॉक इंटरव्ह्यूही चांगले. एका कन्स्ट्रक्शन कंपनीतला माणूस आला होता, त्याने आमच्या बॅचमधल्या सगळ्यांना विचारलं, बॉसचं आणि तुमचं पटलं नाही असा प्रसंग सांगा, आणि एकूण एक देशी मंडळींचं उत्तर, नाही हो, आमचं नेहमी पटायचं. तो बिचारा हसायला लागला. त्याला हवं होतं ते असं, की जुलैमध्ये राफ्टचं (पायाच्या स्लॅबचं) कॉंक्रीट पावसात उरकायचं म्हणून प्रोजेक्ट मॅनेजर हटून बसले होते, मी प्रायमाव्हेरात (शेड्यूलचं सॉफ्टवेअर) फ्लोट, म्हणजे कामातला मोकळा वेळ, काढून दाखवला की चार दिवस थांबलो तरी शेवटची तारीख हलत नाही, त्यांना नाही आवडलं पण थांबले. हा प्रसंग माझ्याकडे होता, असे पाच-सहा प्रसंग सगळ्यांकडे असतात, फक्त बॉसविरुद्ध बोललो हे नोकरी मागताना सांगायचं असतं हे आपल्या डोक्यात येत नाही. ते घरी बसून लिहून काढा, आधी मराठीत लिहा मग इंग्रजीत करा, मला तसं सोपं गेलं.

आता वाकडं. बॅच संपल्यावर ह्यांची वागणूक बदलते. काउन्सेलर बाई सोडल्या तर बाकीचा स्टाफ सारखा विचारायला लागतो, लागली का नोकरी, कुठलीही चालेल, सही करा. एकाने तर मला लॉजिस्टिक्स कंपनीतली डेटा एन्ट्री आणली आणि म्हणाला कॅनेडियन एक्स्पिरियन्स मिळेल ना. अहो मी वेअरहाउसमध्ये तोच एक्स्पिरियन्स घेतेय की. मला वाटतं त्यांना वर आकडे दाखवावे लागत असणार, किती लोक कामाला लागले वगैरे, त्यात कुठल्या कामाला हा रकाना बहुतेक नसावा. ह्या दबावाला बळी पडू नका, नाही म्हटलं तर फाइल बंद करत नाहीत.

आणि हो कॅनेडियन एक्स्पिरियन्सचं एकदा क्लिअर करते कारण अजून लोक जुनं सांगतात. पीईओने, म्हणजे ऑन्टारियोत इंजिनीअरचं लायसन्स देणाऱ्या संस्थेने, मे 2023 मध्ये ती अट काढून टाकली. आधी 48 महिन्यांच्या अनुभवापैकी 12 महिने कॅनडातले लागायचे, आता नाही लागत, 48 महिने लागतात पण ते बाहेरचे चालतात, काम नीट मांडून सिद्ध करावं लागतं आणि एनपीपीई ही (कायदा आणि व्यावसायिक नीतीची) परीक्षा द्यावी लागते. शिवाय 1 जानेवारी 2026 पासून ऑन्टारियोत 25 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहीर नोकरीच्या जाहिरातीत कॅनेडियन एक्स्पिरियन्स पाहिजे असं लिहिता येत नाही, पगाराची रेंजही द्यावी लागते. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात इंटरव्ह्यूमध्ये फिरवून विचारतातच, इथल्या ट्रेड्सबरोबर काम केलंय का, इथला कोड माहितेय का. वर सांगितलेली एस्टिमेटर काकांची दुपार तिथे कामी येते, कारण तुम्ही होल्डबॅकबद्दल दोन वाक्यं बोललात की समोरच्याचा चेहरा बदलतो, मी बघितलाय.

तुलनेसाठी पेड सर्व्हिसबद्दलही. माझ्या नवऱ्याने (तो मेकॅनिकल) ह्याच काळात एका करिअर कोचकडे पैसे भरले, दोन हजार डॉलरच्या घरात, इंटरव्ह्यूची गॅरंटी म्हणून. मिळालं काय तर रेझ्युमेचा टेम्प्लेट, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि इन्स्टावर त्यांच्या रीलला लाइक करायची विनंती. इंटरव्ह्यू झाला तो एका एजन्सीचा, जी एजन्सी कोणालाही फोन करतेच. इथे एक लक्षात ठेवा, टेंप एजन्सी (तात्पुरत्या कामावर माणसं पाठवणारी) तुम्हाला कामाला लावायचे पैसे तुमच्याकडून घेऊ शकत नाही, आणि जुलै 2024 पासून ऑन्टारियोत टेंप एजन्सी आणि रिक्रूटर दोघांनाही लायसन्स लागतं, ते सरकारच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. म्हणूनच तर हे लोक स्वतःला रिक्रूटर म्हणत नाहीत, कोचिंग म्हणतात. नातेवाईकाच्या ओळखीचे आहेत, मराठीच आहेत, दादर साइडचे आहेत, ह्यावर जाऊ नका. फुकटच्या प्रोग्राममध्ये जे मिळालं त्याच्या चतुर्थांशही तिथे नव्हतं.

नोकरी कशी लागली ते सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. प्रोग्रामने लावली नाही. एस्टिमेटर काकांनी सांगितलं म्हणून मी फॉर्मवर्कवाल्या सबकॉन्ट्रॅक्टरांची यादी केली, थेट फोन लावले, बऱ्याच जणांनी कापले, एकाने या म्हटलं. ज्युनियर एस्टिमेटर. तिकडे माझ्या हाताखाली टीम होती, इथे माझ्या वर सव्वीस वर्षांचा पोरगा आहे जो मला ब्लूबीमचे शॉर्टकट शिकवतो, शिकवतो चांगलं हे मान्य करायला पाहिजे. पगार वेअरहाउसपेक्षा बराच बरा, पण पुण्यात असताना डोक्यात जो आकडा घेऊन विमानात बसले होते त्याच्या खूप खाली. ज्युनियर शब्दाचा त्रास होतो का, हो होतो, विशेषतः आईने फोनवर शेजारच्या काकूंना काय सांगू विचारलं की.

तर कोणी घ्यावा: येऊन वर्षाच्या आत असाल, अनुभव पाच-सात वर्षांच्या पुढे असेल आणि इंग्रजी बरं असूनही रेझ्युमेला उत्तरच येत नसेल तर डोळे झाकून जा. नुकतेच ग्रॅज्युएट असाल तर तेवढा फायदा नाही, त्यांनी सरळ कॉलेजचा को-ऑप (शिकता शिकता नोकरीचा अनुभव) असलेला कोर्स बघावा. नर्स, फार्मसिस्ट, शिक्षक ह्यांचं लायसन्सचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे, त्यांच्यासाठी वेगळे ब्रिजिंग, म्हणजे इथल्या लायसन्सपर्यंत पोचवणारे, प्रोग्राम असतात, ह्यात अडकू नका. जायच्या आधी विचारा की तुमच्या क्षेत्रातलं माणूस कोण येतं, नुसतं जॉब रेडीनेस वगैरे सांगायला लागले तर दुसरी संस्था शोधा. आणि काउन्सेलर पटली नाही तर बदलून मागा, देतात, आपल्यालाच मागायला संकोच वाटतो.

न्यायचं काय: पीआर कार्ड, ते आलं नसेल तर लँडिंगचा कागद, आणि आहे तसा रेझ्युमे, सुधारून नेऊ नका. इथेही सरकारी वर्ष 1 एप्रिललाच सुरू होतं त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पुढच्या फंडिंगचं बघू म्हणून लटकवतात, मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये बॅच पटकन लागते असं मला दिसलं. फोन उचलत नाहीत, ईमेलला उत्तर येतं पण सावकाश. सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला जाऊन रिसेप्शनवर उभं राहिलात तर त्याच दिवशी फॉर्म भरून होतो.