प्लायवूड की फोम? टिअरड्रॉप ट्रेलर घरी बांधण्याआधी

टिअरड्रॉप ट्रेलर म्हणजे चाकांवरचा पलंग आणि मागचं झाकण उचललं की उघडणारं स्वयंपाकघर. आत उभं राहता येत नाही, फक्त झोपता येतं. तो घरी बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो भिंतींचा: प्लायवूडच्या की फोमच्या? मी दोन्ही बांधले आहेत आणि दोन्हींत बरेच मुक्काम केले आहेत. बहुतेक जण जंगलातल्या रात्री डोळ्यांसमोर आणून निवड करतात. मी मात्र आधी विचारेन, की उरलेले दिवस हा ट्रेलर उभा कुठे राहणार? वर्षाला २५ रात्री बाहेर काढल्या तरी ३४० दिवस तो एका जागी उभाच असतो, आणि लाकूड कुजतं ते याच दिवसांत.

प्लायचा प्रकार जुना. सप्टेंबर १९४७ च्या ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात घरी बांधण्यासाठी आलेला आराखडा आजही लोक वापरतात. ४ फूट रुंद, ८ फूट लांब आणि ४ फूट उंच हे माप ४ बाय ८ च्या तक्त्यात चपखल बसतं. एका तक्त्यातून एक अख्खी बाजू निघते. भिंती उभ्या करायच्या, वर लाकडी आडव्या पट्ट्या टाकायच्या, त्यांवर पातळ प्लाय वाकवून छत करायचं आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा. (दोघं झोपणार असाल तर रुंदी ५ फूट धरा. ४ फुटांत कूस बदलताना दुसऱ्याची झोप मोडते.)

फोमच्या प्रकारात भिंत एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोमची असते. हा दाट, बंद पेशींचा, पाणी जवळपास न शोषणारा फोम. पाट्या एकमेकींना चिकटवायच्या, बाहेरून जाडसर कॅनव्हास जलरोधक लाकूडगोंदाने डकवायचा आणि त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीचा रंग द्यायचा. कॅनव्हासऐवजी फायबरग्लासचं कापडही चालतं.

वजनात दोघांची तुलनाच होत नाही. १८ मिमी प्लायचा एक तक्ता सुमारे ३२ किलो भरतो. त्याच मापाची ५० मिमी फोमची पाटी ५ किलोच्या आसपास. कापड, गोंद, रंग आणि आतली लाकडं धरली की फोमचा फायदा थोडा घटतो, तरी तो बराच उरतो. गाडी लहान असेल आणि तिची ओढण्याची मर्यादा कमी असेल, तर निवडीला फारशी जागाच राहत नाही. घरी बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी, दिवे आणि ब्रेक यांचे नियम मात्र लाकूड आणण्याआधी पाहून घ्या.

आता पाणी. माझ्या पहिल्या प्लायच्या ट्रेलरमध्ये ओल शिरली ती मागच्या दिव्याच्या एका स्क्रूमधून. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्या वर्षी आतल्या कोपऱ्यात काळा डाग उमटला, बोटाने दाबला तर प्लाय केकसारखी दबली. पत्र्यामागे पाणी गेलं की बाहेर यायला वाट नसते. म्हणून प्लाय निवडणार असाल तर कापलेल्या प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगाला इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) पाजा, कारण प्लाय पाणी पिते ती कडेने. पत्रा सगळीकडून आवळू नका. २.४ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की सुमारे २ मिमी कमी-जास्त होतो. त्याला हलू दिलं नाही तर तो फुगतो किंवा स्क्रूची भोकं फाडतो. कडा पट्टीखाली धरायच्या आणि पट्टीखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घालायची. सिलिकॉन शक्यतो टाळा. त्यावर पुढे रंग धरत नाही आणि नवं सीलंटही नीट चिकटत नाही.

फोम कुजत नाही, हा त्याचा खरा मोठेपणा. फांदीने कॅनव्हास फाटला तर तिथे कापडाचं ठिगळ, गोंद, रंग, आणि काम संपलं. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. फोममध्ये स्क्रू धरत नाही. दार, बिजागऱ्या, फळी, दिवा, पंखा, जिथे जिथे काही अडकवायचं तिथे आधीच खाच करून लाकडाचा ठोकळा चिकटवावा लागतो. प्लायच्या ट्रेलरमध्ये ‘इथे एक हुक हवा होता’ असं वाटलं की दोन मिनिटांत लागतो; फोममध्ये त्याचा विचार सहा महिने आधी झालेला असावा लागतो. गोंदाची निवडही जपून करा. सॉल्व्हंट असलेले कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह आणि पॉलिएस्टर रेझिन फोम विरघळवतात. इपॉक्सी चालतं, पॉलियुरेथेन गोंद चालतो. आणि हा फोम पेटतो, पेटल्यावर घातक धूर देतो. आतून पातळ प्लायचं अस्तर लावाच. शेगडी तर कुठल्याच प्रकारच्या ट्रेलरमध्ये आत पेटवू नये.

मागचं झाकण दोन्हीकडे सारखंच छळतं. वेगळं बनवलं की साच्यातून काढल्यावर त्याची वक्रता थोडी उघडते आणि फट पडते. ते ट्रेलरवर जागेवरच बांधा, गोंद पूर्ण वाळू द्या आणि मग मोकळं करा.

मुक्कामात फरक रात्री कळतो. तेवढ्याच जाडीत फोम प्लायच्या सुमारे चौपट उष्णता अडवतो, आणि प्लायची भिंत १८ मिमीची तर फोमची ५० मिमीची. थंडीत दोन माणसांच्या श्वासाने आत भरपूर बाष्प साठतं. प्लायच्या ट्रेलरमध्ये, इन्सुलेशन नसेल तर, पहाटे छतावरून थेंब पडतात. फोममध्ये हे कमी होतं, पण खिडकीच्या चौकटीवर होतंच, म्हणून छतातला पंखा दोन्हींत हवा. पत्र्यावरचा पाऊस ताशासारखा वाजतो. मला तो आवडतो, माझ्या सोबतीला नाही. उलट, लाकडाच्या भिंतींचा वास आणि दिव्यातली त्यांची ऊब फोमला येत नाही, हे मी मनापासून सांगतो.

ओढताना एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वयंपाकघर ॲक्सलच्या मागे असतं. तिथे २० लिटर पाणी भरलं की २० किलो मागे गेले आणि ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांडीवरचा भार घटला. तो फार घटला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. हलक्या फोमच्या ट्रेलरमध्ये तेच २० किलो जास्त मोठा वाटा असतात, म्हणून पाण्याची टाकी ॲक्सलवर किंवा त्याच्या पुढे ठेवा. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर हवा असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा मात्र ओलांडू नका.

ट्रेलर उघड्यावर उभा राहणार असेल, गाडी लहान असेल किंवा सुतारकामाचा हात नसेल, तर मी फोम सांगेन. चाकू, करवत आणि सँडपेपर यांवर बरंचसं काम होतं. छपराखालची जागा असेल, गाडीला ताकद असेल आणि लाकडावर हात फिरवण्यातच आनंद वाटत असेल, तर प्लाय घ्या आणि दर वर्षी प्रत्येक सांधा तपासण्याची तयारी ठेवा. मन ठरत नसेल तर दोन्ही भिंतींचा एक-एक फुटाचा तुकडा खऱ्या पद्धतीने बनवा. प्रत्येकात एक स्क्रू बसवा, पूर्ण पावसाळा बाहेर ठेवा आणि नंतर स्क्रूजवळ आडवा कापून पाहा.