बंबखाना कुठे बांधायचा: नगरपरिषदेच्या इमारतीखाली, आवारात की वेगळ्या जागेवर?

नगरपरिषदेच्या नव्या प्रशासकीय इमारतीचा विषय सभेपुढे आला की एक सूचना हमखास येते: तळमजला काढतोच आहोत, तर अग्निशमन केंद्रही त्यातच बसवू. जागा एक, निविदा एक, वीजजोडणी एक. अंदाजपत्रकात हे खरंच स्वस्त दिसतं. पण या दोन इमारतींचं काम उलट दिशेनं चालतं. कार्यालयात दिवसभर लोक येत असतात, त्यांना दारापर्यंत सहज पोचता आलं पाहिजे. केंद्राच्या दारासमोर मात्र कोणीही उभं असता कामा नये, कारण वर्दी (आगीची खबर) आली की तिथून १६ टनांची गाडी बाहेर पडते.

पर्याय तीन आहेत: कार्यालयाच्या खाली, त्याच आवारात पण सुटी इमारत आणि सुटं फाटक, किंवा पूर्ण वेगळी जागा. आमचं मत आधीच सांगून टाकतो. वेगळी जागा मिळत असेल तर तीच घ्यावी, नाहीतर आवारातली सुटी इमारत. कार्यालयाखालचं केंद्र हा पर्याय गावात जमिनीचा दुसरा तुकडाच नसेल तेव्हाचा, आणि तोही खाली दिलेल्या अटी पाळूनच.

गाडी किती लांब पोचते

अमेरिकेतल्या एनएफपीए १७१० या अग्निशमन सेवेच्या मानकात आगीच्या वर्दीसाठी दोन वेळा ठरवलेल्या आहेत: गणवेश चढवून गाडी हलायला ८० सेकंद आणि रस्त्यावर २४० सेकंद. आपल्याकडच्या रस्त्यांना ते जसंच्या तसं लागू करा असं नाही, पण हिशेबाला ते उपयोगी पडतं. ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं चार मिनिटांत गाडी दोन किलोमीटर जाते. पेठेतल्या रस्त्यावर वेग १५ वर आला की तेवढ्याच वेळात एकच किलोमीटर.

नगरपरिषदेची जुनी जागा बहुधा पेठेतच असते. मार्चमध्ये घरपट्टी भरायची रांग, फाटकाबाहेर लावलेल्या दुचाकी, मोर्चे, उपोषणाचे मंडप, आठवडी बाजार, सगळं त्याच रस्त्यावर. त्यामुळे नकाशावर गावाच्या मध्यभागी असलेलं केंद्र प्रत्यक्षात सगळ्यांत उशिरा बाहेर पडतं. वळणरस्त्याला किंवा रुंद विकास योजना रस्त्याला लागून असलेली जागा अंतरानं लांब असली तरी वेळेनं जवळ पडते. दोन्ही जागांवरून बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सहाला गाडी काढा आणि गावाच्या चार टोकांपर्यंत वेळ मोजा. हे चार आकडे सभेपुढे ठेवले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

पूररेषाही बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कार्यालयाची एक-दोन दिवस गैरसोय चालते. केंद्रातून मात्र त्याच दिवशी बोटी आणि दोर निघायचे असतात. म्हणून केंद्राचं जोतं लाल रेषेच्या वर हवं आणि तिथून निघणारा रस्ताही कोरडा राहायला हवा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड इथे पाणी शिरलं, त्यानंतर याला सबब उरलेली नाही.

एकाच छपराखाली नेमकं काय बिघडतं

पहिला घोटाळा खांबांचा. पाण्याचा बंब सुमारे २.५ मीटर रुंद, आरशांसकट तीन मीटरच्या जवळ. दोन्ही बाजूंची दारं आणि लॉकरची शटर उघडून माणसं चढायची, म्हणजे प्रत्येक गाळ्यात (एक गाडी उभी करायच्या जागेत) ४.५ मीटर मोकळे लागतात. खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५ मीटर. वरच्या कार्यालयाच्या खोल्या ३.५ मीटरच्या चौकटीत बसवलेल्या असतात. मग दोनपैकी एक होतं. तीच चौकट खाली उतरते आणि गाळा तीन मीटरचा राहतो: गाडी आत जाते, पण दार उघडत नाही, आरसे फुटतात. नाहीतर वरचे खांब मध्येच तुळईवर थांबवले जातात. असे तरंगते खांब आय.एस. १८९३ (२०१६) या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाला मान्य नाहीत, आणि ते योग्यच आहे.

दुसरा घोटाळा उंचीचा. छतावर शिडी लादलेली गाडी ३.५ मीटरपर्यंत जाते, पुढेमागे हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म (माणसांना उंच उचलणारी गाडी) आला तर ४ मीटर. दाराची मोकळी उंची ४.५ ठेवा. त्यावर शटरच्या गुंडाळीला अर्धा मीटर, तुळईला ०.७. म्हणजे मजल्याची उंची ५.७ मीटर, कार्यालयाला पुरते ती ३.६. वर जन्मदाखल्यासाठी जाणाऱ्या आजीला २२ ऐवजी ३६ पायऱ्या चढायच्या. लिफ्ट आलीच, आणि तिचा देखभाल करारही आला. ‘एकच निविदा’ म्हणून वाचलेले पैसे इथे परत जातात.

तिसरा घोटाळा सगळ्यांत गंभीर आहे. मोठी दारं, मध्ये भिंती नाहीत, वर मात्र भिंतींनी भरलेले मजले: हा मऊ तळमजला. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या इमारती अशाच बसल्या. अग्निशमन केंद्राला आय.एस. १८९३ प्रमाणे महत्त्व गुणांक (भूकंपबल किती पट धरायचं तो आकडा) १.५ धरावा लागतो, साध्या इमारतीला १.०, दोन वापर एकत्र केले की मोठा गुणांक सगळ्या इमारतीला लागतो. म्हणजे केंद्राच्या तीन गाळ्यांपायी वरचे सगळे मजले दीडपट भूकंपबलाला डिझाइन करायचे. शिवाय इमारत उभी राहिली म्हणजे काम झालं असं नाही. चौकट जराशी कलली तरी शटर पट्टीत अडकतं आणि गाडी आतच राहते. ‘आमच्याकडे भूकंप येत नाही’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावं की १९९३ पूर्वी किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता.

आणि कार्यालयालाच आग लागली तर? जुन्या फायली, लाकडी विभाजनं आणि वाढवत नेलेलं वायरिंग असलेल्या कार्यालयात आग किती वेगानं पसरते ते २१ जून २०१२ ला मंत्रालयात दिसलं. अशा वेळी जळत्या मजल्याखालून गाड्या काढणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

| | कार्यालयाखाली | आवारात सुटी इमारत | वेगळी जागा |
|---|---|---|---|
| बाहेर पडायचं फाटक | लोकांच्या वाटेशी भिडतं | सुटं ठेवता येतं, पहारा लागतो | पूर्ण मोकळं |
| भूकंपाचा जादा खर्च | सगळ्या इमारतीला | फक्त केंद्राला | फक्त केंद्राला |
| कवायतीचं मैदान | जवळजवळ नाही | वाहनतळाशी वाटून | स्वतःचं |
| जमीन | नवी लागत नाही | आवार मोठं हवं | आरक्षण किंवा खरेदी |
| पुढे गाळे वाढवणं | अशक्य | क्वचित | शक्य |

आवारातल्या सुट्या इमारतीत बहुतेक चुका सांध्यापाशी होतात. जागा वाचवायला केंद्र कार्यालयाला चिकटवतात आणि मध्ये थर्माकोलची पट्टी भरतात. दोन्ही इमारती भूकंपात किती सरकतील ते स्ट्रक्चरल डिझाइनरनं काढून त्यावरून फट ठरवायला हवी. त्याहून बरं म्हणजे मध्ये सहा मीटरचा रस्ताच ठेवा. आग लागली तर तोच बंबाला कामी येतो. दुसरी गोष्ट व्यापारी गाळ्यांची. उत्पन्नासाठी रस्त्याकडेची सगळी लांबी दुकानांना दिली जाते आणि केंद्र मागे ढकललं जातं. रस्त्याकडेचे पहिले १५ मीटर केंद्राचे, हे ठरावातच लिहून घ्या.

कार्यालयाऐवजी वर कर्मचाऱ्यांची निवासस्थानं बांधणं हा मात्र वेगळा आणि समंजस प्रकार आहे. जमीन महाग असलेल्या मुंबईत त्यामागे कारण आहे: सुटीवरचा माणूस मोठ्या वर्दीला दोन मिनिटांत खाली येतो. भूकंपाचे नियम मात्र तेच, आणि गाळ्यांचा धूर वरच्या खिडक्यांत जाणार नाही हे पाहावं लागतं.

मागे घेऊन लावायची की आरपार काढायची

मागे घेण्याच्या गाळ्यात गाडी रस्त्याकडून उलटी आत शिरते. आरपार गाळ्याला पुढे-मागे दोन्हीकडे दारं. गाडी मागून येते, पुढून जाते. रात्री दोनला थकून परतलेला चालक उलटी गाडी घेताना खांबाला किंवा मागे उभ्या माणसाला धडकतो. आरपार रचनेत हा धोका जातो.

जागेचा हिशेब करू. तीन गाळे म्हणजे १५ मीटर, बाजूला कर्मचारी कक्षाचे ८, मागे जायच्या रस्त्याचे ६: रुंदी साधारण ३० मीटर. रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंत पुढचं अंगण १५, गाळा १३, मागचं मैदान १५ ते १७. मागे घेण्याच्या रचनेला ३० बाय ४५, म्हणजे १३-१४ गुंठे लागतात. आरपार करायची तर राष्ट्रीय इमारत संहितेतली ९ मीटरची वळणत्रिज्या मागच्या बाजूला बसायला हवी. त्यासाठी मागे २० मीटर आणि बाजूचा रस्ता रुंद: ३६ बाय ५०, जवळपास १८ गुंठे. चार गुंठ्यांचा फरक आहे. गाळे दोनच असतील तर मागे घेण्याची रचना चालते; तीन किंवा जास्त असतील आणि जमीन मिळत असेल तर आरपार घ्या. आरपारच्या नावाखाली मागे आठच मीटर सोडले तर मागची दारं कायमची बंद राहतात आणि त्यांच्यापुढे भंगार साठतं.

हे आकडे निवासस्थानांशिवायचे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत दोन लाख लोकसंख्येला एक केंद्र धरून निवासासह मुख्य केंद्राला एक हेक्टर आणि उपकेंद्राला ०.६ हेक्टर सुचवलं आहे. विकास योजनेत आरक्षण टाकायची वेळ आली असेल तर तोच आकडा मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

पुढचं अंगण १५ मीटर कशाला? सर्वांत लांब गाडी गाळ्यातून पूर्ण बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला थांबेल आणि चालकाला दोन्हीकडचं दिसेल, म्हणून. ते तीन मीटरवर आणलं की गाडीचं तोंड रस्त्यात आल्यावरच चालकाला वाहतूक दिसते.

आरसीसी की स्टीलची शेड

स्टीलच्या सांगाड्यात १५-२० मीटरची मोकळी रुंदी मध्ये खांब न घालता मिळते आणि काम लवकर उरकतं. पण पत्र्याखाली उन्हाळ्यात गाडीतलं रबर आणि फोमचे कॅन तापतात, आणि कोकणात खाऱ्या हवेनं बोल्ट गंजतात. विदर्भ-मराठवाड्यात दुहेरी पत्रा आणि मध्ये इन्सुलेशन घेतलं तर गाड्यांपुरती शेड चांगली ठरते. माणसांचा कक्ष बाजूला आरसीसीत बांधा. किनाऱ्यावर सगळंच आरसीसी घ्या.

कुठेही बांधलं तरी चुकणाऱ्या गोष्टी

झोपायची खोली वरच्या मजल्यावर नको. शिकागोत १८७८ मध्ये डेव्हिड केन्यन यांनी घसरायचा खांब आणला तो माणसं वर झोपत होती म्हणून. घोटा मुरगळण्यापेक्षा खोली गाळ्याच्या शेजारी तळमजल्यावर घेणं सोपं. मात्र मध्ये घट्ट बंद होणारं दार आणि छोटी मोकळी जागा हवी. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये जाहीर केलं, आणि २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच त्या यादीत गेला. म्हणून आगीवरून आलेले मळके गणवेश धुवायची जागा गाळ्याच्या बाजूला, स्वयंपाक आणि झोप दुसऱ्या बाजूला. महिला अग्निशामकांसाठी स्वतंत्र विश्रांतिकक्ष आणि स्नानगृह पहिल्याच नकाशात काढा. नंतर त्यासाठी भांडारघराची खोली तोडावी लागते.

गाळ्याच्या जमिनीवर चकचकीत टाइल्स लावू नयेत. एका मागच्या आसावर ११.५ टनांपर्यंत भार येऊ शकतो; टाइल फुटते आणि ओली झाली की माणूस घसरतो. ट्रिमिक्स काँक्रीट (पंपानं जादा पाणी ओढून काढलेलं), वर घसरू नये म्हणून झाडूनं काढलेली खर, पुढच्या चरीकडे १०० ला १ उतार. भूमिगत टाकी गाळ्याखाली किंवा अंगणाखाली घेतली तर तिचा स्लॅब त्याच भाराला डिझाइन करा. साध्या टाकीचा नकाशा वापरला की वर्षा-दोन वर्षांत तडे जातात. टाकी बाजूला घेणं उत्तम.

५,००० लिटरचा बंब पाच मिनिटांत भरायचा तर मिनिटाला १,००० लिटर हवेत. त्यासाठी १०० मिमीचा नळ लागतो, आणि पंप जनरेटरवर चालणारा. दीड इंची नळावर तोच बंब भरायला अर्धा तास जातो.

प्रत्येक गाळ्यात वरून लोंबणारी बॅटरी चार्जिंगची तार आणि हवेची नळी द्या. उभ्या गाडीतला ब्रेकचा हवेचा दाब रात्रीत उतरतो आणि तो भरेपर्यंत गाडी हलत नाही; वर्दीची पहिली मिनिटं अशी वाया जातात. शटर मोटरचं घेतलं तर साखळीनं हातानं उघडायची सोय हवीच, आणि ती दर आठवड्याला वापरून बघायची.

ठराव करण्याआधी एक काम करा. ताफ्यातली सर्वांत लांब गाडी जागेवर न्या. गाळे, खांब, अंगण आणि फाटक फक्कीनं जमिनीवर आखा. चालकाला गाडी तीनदा आत घ्यायला आणि तीनदा बाहेर काढायला सांगा, एकदा अंधारात. चाक जिथे फक्की ओलांडेल तिथे नकाशा बदला, आणि मगच तांत्रिक मान्यतेला पाठवा.