625 ते 7 जेन 3 : एकाच घराण्यातल्या तीन चिप वापरून झाल्यावर

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. नागपूर, वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ असा पट्टा. दिवसभर फोन दुचाकीच्या हँडलवर, नकाशा चालू, मध्येच लॅपटॉपसाठी हॉटस्पॉट, डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून रिपोर्टिंग. गेमिंग शून्य. गेमिंगसाठी चिप शोधत असाल तर माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही.

2024 च्या दिवाळीत क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन 7 जेन 3 चिप असलेला फोन घेतला, त्याला आता आठ महिने झाले. फोन कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही. तिच्याबद्दलच्या माझ्या तक्रारी वेगळ्या आहेत (पहिल्या दिवशी न मागता आलेली बारा-पंधरा अ‍ॅप, त्यातली चार अजून निघत नाहीत), आणि मला बोलायचंय ते चिपबद्दल. याआधी माझ्याकडे स्नॅपड्रॅगनचीच 778जी होती, तिच्याआधी 625. आठ वर्षं मी याच घराण्यात आहे.

घराणं म्हणतोय, पण त्यांची नावं ठेवायची तऱ्हा बघा. क्वालकॉमने सुरुवातीला स्वतः आखलेल्या कोअरना (चिपमधला हिशोब करणारा भाग म्हणजे कोअर) नाव दिलं स्कॉर्पियन, म्हणजे विंचू. नेक्सस वन या 2010 च्या फोनमध्ये तोच होता, एक गिगाहर्ट्झचा. पुढच्या कोअरचं नाव क्रेट, म्हणजे आपला मण्यार. ग्राफिक्सच्या भागाचं नाव अ‍ॅड्रेनो. 2009 मध्ये एएमडीकडून मोबाइल ग्राफिक्सचा विभाग विकत घेतला, तेव्हा ‘रेडिऑन’च्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून हे नाव तयार झालं. विंचू-मण्यारांपर्यंत मजा होती. 2013 पासून 200, 400, 600, 800 असे आकडे सुरू झाले, आणि आमच्यासारख्यांना वाटायला लागलं की मोठा आकडा म्हणजे चांगली चिप.

माझा तो गैरसमज 625 ने घालवला. 2017 च्या सुरुवातीला रेडमी नोट 4 घेतला, त्यात ती होती. त्याच्या आधीच्या नोट 3 मध्ये होती 650. कागदावर 650 वरचढ: दोन मोठे, वेगवान ए72 कोअर, जोडीला चार छोटे, कमी वीज खाणारे ए53. 625 मध्ये मोठा कोअर एकही नाही, आठच्या आठ ए53. दुकानदाराने तोंडावर सांगितलं, “भाऊ, हे तर खालचं मॉडेल हाय.” पण 650 बनली होती 28 नॅनोमीटरवर आणि 625 बनली 14 नॅनोमीटरवर (आकडा लहान तितकी बांधणी बारीक आणि नवी), फिनफेट पद्धतीने. चिपमधल्या जुन्या सपाट ट्रान्झिस्टरचं, म्हणजे बारीक स्विचचं, दुखणं असं की बंद असतानाही त्यातून करंट थोडा थोडा ठिबकत राहतो, वायसर झिजलेल्या नळासारखा. फिनफेटमध्ये करंटची वाट उभी केलेली असते आणि तिला तीन बाजूंनी धरता येतं, त्यामुळे ठिबकणं कमी. एखादं अ‍ॅप झटकन उघडण्यात 650 पुढे असेलही. पण सकाळी सातला काढलेला फोन रात्री नऊला घरी येताना जिवंत हवा असेल, तर खालचं मॉडेलच बरं होतं. तो फोन आजही बाबांकडे आहे. बॅटरी दोनदा बदलली. सकाळी त्यावर भजनं लागतात.

हा आकडे विरुद्ध भट्टीचा (चिप ज्या कारखान्यात, ज्या पद्धतीने बनते तिला मी भट्टी म्हणतो) खेळ या घराण्यात वारंवार दिसतो. 2015 ची 810 सगळ्यात वरची चिप होती, 20 नॅनोमीटरची, आणि तापण्यासाठीच गाजली. 2022 मध्ये तर उदाहरण अगदी स्वच्छ मिळालं. तोवर तीन आकडी नावं जाऊन ‘जेन’, म्हणजे पिढी, असलेली नावं आली होती. 8 जेन 1 सॅमसंगच्या 4 नॅनोमीटरवर बनत होती. काही महिन्यांनी तीच मांडणी, तेच कोअर तैवानच्या टीएसएमसीकडे नेऊन 8 प्लस जेन 1 काढली. घड्याळाचा वेग वाढवला, तरी सीपीयूला सुमारे 30 टक्के कमी वीज लागेल असा खुद्द क्वालकॉमचा दावा होता. पीठ तेच, भट्टी बदलली!

778जी ही टीएसएमसीच्या 6 नॅनोमीटरवरची, मे 2021 मध्ये जाहीर झालेली. चार ए78, चार ए55. तीन वर्षं वापरली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही घडलं नाही, आणि एमआरच्या फोनला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं. आता ती आईकडे गेली.

आता 7 जेन 3. टीएसएमसीची 4 नॅनोमीटर, चार ए715 (त्यातला एक 2.63 गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा) आणि चार छोटे ए510. पहिला आठवडा मी खरोखर फरक शोधत होतो. व्हॉट्सअ‍ॅप, नकाशा, बँकेचं अ‍ॅप, सगळं 778जी इतकंच. आमच्या ऑफिसचं रिपोर्टिंग अ‍ॅप तर तिन्ही चिपवर सारखंच रडकं. त्याला सुपरकॉम्प्युटर दिला तरी ते गोल फिरतच राहील. फरक कळला तो हॉटस्पॉटला. नकाशा, हॉटस्पॉट आणि फोन कॉल एकत्र चालू असताना हा फोन हातात घेतला तर कोमट लागतो, गरम नाही. साडेसातला शंभर टक्के घेऊन निघालो की रात्री साधारण तीस-पस्तीस उरतात. बॅटरी नवी आहे, म्हणून सगळं श्रेय चिपला देत नाही.

मे महिन्यात हिंगणघाट रोडवर दुपारी अडीचला स्क्रीन मंद झाली आणि नकाशा अडखळायला लागला. हे तिन्ही फोनवर होतं. ठरावीक तापमानापुढे गेलं की चिप स्वतःहून वेग उतरवते, नाहीतर जळेल. वैदर्भी उन्हात दुचाकीची टाकीही हात लावू देत नाही, तिथे चिपला का बोलायचं? सॅम्पलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून होल्डरवर सावली केली, तेवढ्याने भागलं. ओलं फडकं बांधू नका, आमच्या एका सहकाऱ्याच्या फोनचं चार्जिंग पोर्ट त्यातच गेलं.

राग आहे तो आताच्या नावांवर. 7 प्लस जेन 2 आली मार्च 2023 मध्ये, 7 जेन 3 नोव्हेंबर 2023 मध्ये. साहजिकच वाटतं की जेन 3 पुढची. प्रत्यक्षात प्लसमध्ये ए710 च्या जोडीला एक्स2 हा वरच्या दर्जाचा कोअर आहे, ग्राफिक्सही जास्त ताकदीचं. ती सरळ वरचढ आहे. मग 7एस जेन 2 नावाची तिसरी आहे, तिच्यात 2021 च्या 778जी सारखेच ए78 आणि ए55, भट्टी सॅमसंगची. म्हणजे 778जी विकून 7एस जेन 2 घेणारा माणूस पैसे मोजून जवळपास जागच्या जागीच राहतो. एकाच घरात तीन भावंडांची नावं सुरेश, सुरेशराव आणि सुरेशभाऊ ठेवल्यासारखं आहे हे, आणि कमावतं कोण ते शेजाऱ्यांनी ओळखायचं.

मला खूप जण विचारतात, म्हणून सरळ लिहितो. 778जी धड चालत असेल आणि अपडेटची मुदत संपली नसेल तर 7 जेन 3 साठी बदलू नका, फार तर बॅटरी नवीन टाका. 625 किंवा 660 च्या काळातला फोन असेल तर उडी मोठी आहे, 5जी सुद्धा त्यात आलंच. दुकानात गेल्यावर ‘जेन’ किती ते विचारण्याआधी मोठा कोअर कोणता आणि चिप कुठल्या भट्टीतली, एवढं मोबाइलवर तिथेच उभं राहून शोधा. दोन मिनिटं लागतात. दुकानदार तोंड वाकडं करतो, माझ्यासमोर केलं होतं, मग त्यानेच टेम्पर्ड ग्लास फुकट लावून दिला.