जुनं ड्रम मशीन रिपेरला देताय? माझे ५,२०० गेले ते वाचा

मशीन मामाचं. रोलँड टीआर-७०७, बटणं दाबून ड्रमचे आवाज वाजवायचं मशीन, १९८५ चं मॉडेल, मामा ऑर्केस्ट्रात होता तेव्हा सेकंडहँड घेतलेलं, मग ऑक्टोपॅड आला आणि हे माळ्यावर गेलं. नवरात्रीच्या आधी मी खाली काढलं, लावलं तर चालू! आवाज अजून कडक. फक्त स्नेअर ड्रमचं बटण एकदा दाबलं की दोनदा वाजायचं, हायहॅटचा (झांजेचा) आवाज कमी-जास्त करायचा स्लायडर सरकवला की खरखर, आणि मुख्य म्हणजे रात्री जागून बसवलेले तालाचे पॅटर्न मशीन बंद केलं की सकाळी गायब. मेमरीसाठी खाली दोन पेन्सिल सेल असतात एवढं माहीत होतं, नवे टाकले तरी तेच, म्हणून मला वाटलं काहीतरी मोठं गेलंय.

एमजी रोडला एका रिपेरिंगवाल्याकडे नेलं, नाव घेत नाही. त्याने स्क्रू पण न काढता सांगितलं, मेमरी आयसी (चिप) गेला, जपानी आहे, मुंबईहून मागवावा लागेल, ५,२०० होतील, ३,००० आत्ता द्या. तिथेच मशीन उचलून घरी यायला पाहिजे होतं, पण कार्यक्रम तोंडावर, दिले. तीन आठवडे 'उद्या या' चाललं. शेवटी मिळालं, पॅटर्न राहायला लागले, मी खूश. जुना आयसी मागितला तर म्हणे फेकला. बिल नाही. आणि आठ दिवसांत स्नेअर परत डबल, तर म्हणे आता बटणांचं अख्खं कार्ड बदला, ४,०००.

मग मामाच्या ओळखीचे एक काका, अंबड एमआयडीसीत सर्किट बोर्डाच्या कामात आयुष्य गेलेले, घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी मशीन उघडलं आणि टॉर्च मारून मला दाखवलं, सगळ्या आयसींचं सोल्डरिंग कंपनीचंच, वर चाळीस वर्षांची धूळ तशीच चिकटलेली, कुठे सोल्डरिंग आयर्न लागल्याची खूण नाही. चकचकीत होती ती फक्त सेलच्या खान्यातली स्प्रिंग. कधीकाळी सेल गळून तिच्यावर गंज चढला असणार, म्हणून माझे नवे सेल लागतच नव्हते. पठ्ठ्याने पॉलिश पेपर मारला आणि ५,२०० घेतले.

डबल वाजणं म्हणजे बटणाखालचा छोटा टॅक्ट स्वीच झिजलेला, चिल्लरचं काम, काकांनी बदलला. स्लायडरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा वर-खाली केलं, खरखर गेली. आता मी कुठलंही मशीन देताना आधी आतले फोटो काढतो, आयसीवर मार्करने ठिपका देतो आणि जुना पार्ट परत पाहिजे हे आधीच सांगतो.

दुकानात जाऊन भांडलो पण. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मेमरी राहते ना आता? मग?"