उलव्यातील 11 महिने : एका सोलापूरकर कुटुंबाचा घरखर्च

सोलापूरच्या टेरी टॉवेलचे कंटेनर ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी रवाना होतात, त्या बंदराच्या परिसरात मला नोकरी मिळाली आणि 15 मे 2025 रोजी मी पत्नी व दोन मुलांसह उलव्यात राहायला गेलो. त्याआधी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात 14 वर्षे मी निर्यातीची कागदपत्रे पाहत होतो, त्यामुळे काम ओळखीचे होते. गाव, हवा आणि बाजार मात्र पूर्ण नवे. आमचा 11 महिन्यांचा भाडेकरार नुकताच संपला आणि सध्या काही दिवसांसाठी आम्ही सोलापुरात आईकडे आलो आहोत. विजापूर रस्त्यावरच्या जुन्या शेजाऱ्यांपासून कारखान्यातल्या तरुण मुलांपर्यंत जो भेटतो तो एकच विचारतो, की तिकडे परवडते का. पगार 32,000 वरून 52,000 झाला, एवढे सांगून या प्रश्नाचे उत्तर होत नाही. म्हणून पत्नीने महिन्यागणिक लिहिलेली खर्चाची वही समोर घेऊन सविस्तर लिहीत आहे.

उलवे हा सिडकोने विकसित केलेल्या नवी मुंबईचा भाग. एका अंगाला पनवेलची खाडी, दुसऱ्या अंगाला विमानतळ आणि पुढे बंदर अशी त्याची जागा आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडीहून समुद्रावरून येणाऱ्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकललाही हिरवा झेंडा मिळाला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन होऊन 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानेही उडू लागली. इतक्या थोड्या वर्षांत एवढे सारे एका ठिकाणी आल्यामुळे जिकडे पाहावे तिकडे इमारती उभ्या राहत आहेत, आणि रस्त्यावर बंदराचे ट्रेलर व बांधकामाची धूळ कायम असते. समुद्रकिनारा म्हटल्यावर जी वाळू डोळ्यांसमोर येते ती मात्र उलव्यात नाही. तिथे खाडी, खारफुटी आणि चिखल आहे. वाळूचा किनारा मुलांना दाखवायला आम्ही उरणजवळच्या पीरवाडीला गेलो.

आमचे घरमालक तिथलेच आगरी शेतकरी कुटुंब आहे. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्याचे फलित म्हणून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आम्ही ज्या इमारतीत राहतो ती अशाच एका भूखंडावर आहे. बाहेरून येणाऱ्या माणसाने हे ठाऊक करून घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण आपण जे भाडे देतो त्यामागे कोणाचे तरी भातखाचर आणि मिठागर गेलेले आहे.

भाड्याचे आकडे स्पष्टच लिहितो. एक बेडरूम, हॉल आणि किचनला दरमहा 15,500 रुपये, अनामत 60,000 आणि दलालीपोटी एका महिन्याचे भाडे. विजापूर रस्त्यावर आम्ही याहून एक खोली जास्त असलेल्या घरात 7,500 रुपयांत राहत होतो आणि ते घर ओळखीतून मिळाल्याने दलालीचा प्रश्नच आला नव्हता. कराराच्या वेळी मध्यस्थाने नोंदणीखर्च म्हणून एक ठोक रक्कम सांगितली आणि सोसायटीचे वेगळे 1,000 रुपये दरमहा द्यावे लागतील असेही सांगितले. कागदपत्रांत आयुष्य गेलेले असल्यामुळे मी प्रत्येक रकमेचा हिशोब मागितला. मुद्रांक शुल्क करारकाळातील एकूण भाड्यावर, त्यात अनामतीवरचे 10 टक्के दराने धरलेले वार्षिक व्याज मिळवून, 0.25 टक्के लागते. आमच्या बाबतीत ते 440 रुपये होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो व तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी त्याच्याकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते तेही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. हे शांतपणे मांडल्यावर ते 1,000 रुपये मागे घेतले गेले. सोलापुरातून जाणाऱ्या प्रत्येकाने सही करण्यापूर्वी एवढे तरी विचारावे.

भाडे जास्त असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. जे धरले नव्हते ते हवेने दाखवले. सोलापुरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून अधिक पाऊस या किनाऱ्यावर एकट्या जुलैत पडून जातो, हे भूगोलात वाचले होते. त्याचा घरखर्चाशी काय संबंध, हे मात्र तिथे राहिल्यावर कळले. त्यात गेल्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला. म्हणजे आमचे सामान उघडून पुरते लागायच्या आत पावसाळा सुरू झाला.

सोलापूरच्या आमच्या घरात वर्षाचे धान्य भरण्याची रीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची ज्वारी निघाली की मंगळवेढ्याची मालदांडी दोन क्विंटल घ्यायची, उन्हात वाळवायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवायची आणि लागेल तसे दळण काढायचे. डाळी, तिखट, पापड, शेंगदाणे यांचेही तेच. सुगीच्या भावात घेतलेले धान्य वर्षभर पुरते आणि मधल्या महिन्यांत भाव कितीही चढला तरी आपल्या ताटावर त्याचा परिणाम होत नाही. आम्ही टेम्पोतून उलव्याला जाताना 80 किलो ज्वारी आणि 15 किलो शेंगदाणे बरोबर नेले. जुलैच्या अखेरीस ज्वारीत टोके झाले, शेंगदाण्यांना खवट वास येऊ लागला आणि पोत्याच्या तळाशी बुरशी दिसली. निम्म्याहून अधिक धान्य टाकून द्यावे लागले. त्या दिवशी पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि मला ते आजही आठवते.

त्यानंतर आम्ही महिन्याचे धान्य महिन्याला घेऊ लागलो. तिथल्या दुकानात ज्वारी मिळते, परंतु सुगीत आम्ही दिलेल्या भावापेक्षा किलोमागे 20 ते 25 रुपये जास्त पडतात, आणि भाकरी थापताना तुटते ती वेगळीच. भाजीचा भाव तिथे पाव किलोचा सांगतात. पहिल्या आठवड्यात मी 30 रुपये ऐकून किलोभर भेंडी मागितली होती. लक्ष्मी मार्केटमधून 300 रुपयांत आठवड्याची भाजी आणण्याची सवय असलेल्या माणसाला ही मोजणी अंगवळणी पडायला वेळ लागतो. वाशीची घाऊक बाजारपेठ जवळ असूनही किरकोळ भावात त्याचा लाभ आम्हाला तरी फारसा जाणवला नाही. किराणा, दूध आणि भाजी मिळून आमचा खर्च महिन्याला 3,000 रुपयांनी वाढला आणि माझ्या हिशोबाने त्यातला मोठा वाटा केवळ साठवण बंद झाल्याचा आहे.

दमटपणाचे इतर परिणाम थोडक्यात सांगतो. कडक भाकरी, जी सोलापुरात महिनाभर खुसखुशीत राहते, ती तिथे पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात थोडी थोडी ठेवावी लागते. शेंगाचटणी फ्रीजमध्येच ठेवावी. सोलापुरी चादर धुण्याचे धाडस जून ते सप्टेंबर या काळात करू नये, कारण ती चार दिवसांतही वाळत नाही आणि तिला कुबट वास धरतो. त्या काळासाठी पातळ चादरी वेगळ्या ठेवाव्यात. मोटारसायकलच्या साखळीला आणि लोखंडी मांडणीला गंज चढतो. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावीत.

विजेबाबत आमचा अंदाज सर्वांत जास्त चुकला. सोलापुरात आणि उलव्यात वीज महावितरणचीच, दरही तेच, म्हणून बिल तेवढेच येईल असे मी मानले होते. मे महिन्यात 42–43 अंशांतही सोलापुरात आम्ही कूलरवर भागवत असू, म्हणून तोच कूलर सोबत नेला. कूलर पाण्याचे बाष्प करून हवा गार करतो. हवेतच बाष्प भरलेले असले की पाणी उडत नाही, हवा गार होत नाही आणि खोलीतला दमटपणा मात्र वाढतो. पारा 34 अंशांवर असूनही धाकट्या मुलीच्या अंगावर घामोळे उठले. शेवटी बसवण्याच्या खर्चासह 36,000 रुपयांचा एसी घ्यावा लागला. कूलरला साधारण 200 वॅट लागतात, एसीला हजाराच्या पुढे. शिवाय घरगुती दर 100 आणि 300 युनिटच्या टप्प्यांवर चढत जात असल्याने वापर वाढला की बिल त्याहून वेगाने वाढते. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 1,100 रुपये जादा गेले. एसी घ्यायचाच असेल तर खाऱ्या हवेला टिकणारे आवरण असलेली तांब्याची कॉइल आहे का, हे दुकानात आवर्जून विचारावे.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरात अनुदानित मराठी शाळा मिळाली नाही. मुलांना खासगी शाळेत घातले आणि व्हॅन लावली. दोन्ही मिळून महिन्याला 2,800 रुपयांची भर पडली. माझ्या कामावर जाण्यायेण्याचे 1,200 वाढले. लोकल स्वस्त आहे, पण उरण मार्गावरच्या गाड्या वाशीच्या मार्गाइतक्या दाट नाहीत, त्यामुळे एक चुकली की रिक्षा करावी लागते. अटल सेतूवरून मोटारीला एका फेरीचे 250 रुपये पथकर द्यावे लागत होते, म्हणून तो रोजच्या वापराचा रस्ता आमच्यासाठी नव्हता.

गावाकडची ये-जा हा खर्च कोणी आधी मांडत नाही. सोलापूर सुमारे 400 किलोमीटर दूर. फेब्रुवारी 2023 पासून धावणारी वंदे भारत आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, दोन्ही कल्याणमार्गे जातात, म्हणजे उलव्यातून आधी दादर किंवा कल्याण गाठावे लागते. सामान आणि मुले बरोबर असली की कळंबोलीहून खासगी बस सोपी पडते, पण दिवाळीत तिचे भाडे दुपटीपर्यंत जाते. दिवाळी, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आणि आईच्या आजारपणात दोनदा, अशा चार फेऱ्या झाल्या. महिन्यावर वाटले तर 1,400 रुपये.

आता बेरीज. सोलापुरात आमचा महिन्याचा खर्च 26,000 होता. त्यात भाड्याचे 8,000, किराण्याचे 3,000, शाळेचे 2,800, विजेचे 1,100, प्रवासाचे 1,200 आणि गावाच्या फेऱ्यांचे 1,400 मिळवले की 43,500 होतात. म्हणजे पूर्वी महिन्याला 6,000 शिल्लक राहत, आता 8,500 राहतात. पगारातल्या 20,000 च्या वाढीतून हाती आले 2,500 रुपये. अकरा महिन्यांत ही जादा बचत 27,500 झाली. आणि दलाली 15,500, टेम्पो 18,000 व एसी 36,000 असा एकदाच होणारा खर्च झाला 69,500. अनामत परत मिळणारी असल्याने ती यात धरलेली नाही, पण ती उभी करण्यासाठी पत्नीने भिशीचे पैसे मोडले होते.

हे वाचून जाऊ नये असे कोणी समजू नये. विजापूर रस्त्यावर आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येई आणि त्या दिवशी पहाटे उठून पिंप, घागरी, बादल्या भरण्यात घरातल्या बायकांचा अर्धा दिवस जाई. उलव्यात मे महिन्यातले टँकरचे आठ-दहा दिवस सोडले तर नळाला रोज पाणी होते. पत्नी म्हणते की तिला मिळालेल्या त्या वेळेची किंमत वहीत लिहिता येत नाही, आणि तिचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मोकळ्या झालेल्या वेळेत तिने शिवणकाम सुरू केले आहे. घरमालकांच्या आईंनी, ज्यांना आम्ही सर्व जण आजी म्हणतो, तिला तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करायला शिकवले. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजे मासे महाग होतात तेव्हा सुकट कशी करायची, हेही त्यांनीच दाखवले. माझ्या कामातही जे शिकायला मिळत आहे ते सोलापुरात राहून मिळाले नसते. एकट्या तरुणाने तिघा-चौघांत खोली घेतली आणि जेवणाचा डबा लावला तर त्याचा हिशोब आमच्याहून पुष्कळ चांगला बसेल. शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबाने मात्र पगारातली वाढ 20,000 पेक्षा कमी असेल तर घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या कराराच्या वेळी विमानतळ सुरू झाल्याचे सांगून घरमालकांनी 18,000 मागितले होते; आजी मध्ये पडल्या आणि 16,500 वर ठरले. करार आता 24 महिन्यांचा केला आहे, म्हणजे दरवर्षी दलाल आणि टेम्पोचा विचार करावा लागणार नाही. या खेपेला कूलर परत आणून बहिणीकडे जुळे सोलापूरला दिला. मार्चमध्ये आईने दोन क्विंटल मालदांडी भरून ठेवली आहे; ती सोलापुरातच, तिच्या कोठीत राहील आणि प्रत्येक फेरीला आम्ही 20 किलोच नेऊ. रविवारच्या रात्रीच्या बससाठी पहिले 20 किलो आज दुपारी गच्चीवर वाळत घातले आहेत.