छोट्या मिलिंग मशीनचा बॅकलॅश : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरच्या वर्कशॉपसाठी घेतलेल्या माझ्या छोट्या मिलिंग मशीनने आता एक पावसाळा आणि एक हिवाळा काढला आहे. मोर्स टेपर ३ (कटर बसवण्याच्या निमुळत्या भोकाचे एक ठरलेले माप) चे स्पिंडल म्हणजे कटर फिरवणारा दांडा, डव्हटेल स्लाइड (तिरक्या कडांच्या खाचेत सरकणारे भाग) आणि डाव्या-उजव्या बाजूला कलता होणारा कॉलम असे हे चिनी घडणीचे यंत्र असून ते बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळते. त्यावर मी मुख्यतः वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी पितळेचे आणि बिडाचे भाग करतो. या वर्गातील यंत्रांविषयी सर्वाधिक तक्रार बॅकलॅशची, म्हणजे हँडलची दिशा बदलल्यावर टेबल हलू लागण्याआधी वाया जाणाऱ्या मोकळ्या फिरण्याची असते. तक्रार खरी आहे, परंतु तिचा सगळा दोष लीड स्क्रूच्या (हँडलने फिरून टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) नटाला दिला जातो, हे मला पटत नाही.

यंत्र बसवल्यावर कोणताही स्क्रू पिळण्याआधी मी मोजमाप केले. टेबलाच्या टोकाला डायल गेज (बारीक सरकणे सुईने दाखवणारे मापक) टेकवून हँडल एका दिशेने फिरवायचे, सुई हलू लागली की हँडलची डायल शून्यावर आणायची आणि मग उलट फिरवून सुई पुन्हा केव्हा हलते ते पाहायचे. एक्स अक्षात (टेबलाची डावी-उजवी हालचाल) ०.३२ मिमी आणि वाय अक्षात (पुढची-मागची हालचाल) ०.४० मिमी एवढा बॅकलॅश निघाला. मात्र हा आकडा एका कारणाचा नसतो. स्क्रूच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून एक पोलादी गोळी बसवली, गेजचे सपाट टोक तिच्यावर टेकवले आणि हँडल मागेपुढे फिरवले, तेव्हा संपूर्ण स्क्रूच अक्षाच्या दिशेने ०.१५ मिमी सरकत असल्याचे दिसले. म्हणजे एक्स अक्षातील जवळजवळ निम्मा बॅकलॅश नटात नसून स्क्रूला धरणाऱ्या टोकाच्या आधारात होता, आणि नट कितीही आवळला असता तरी तो गेला नसता.

तरीही सुरुवात मी जिबपासून, म्हणजे स्लाइडमधील सैलपणा काढणाऱ्या पट्टीपासून केली, कारण जिब सैल असताना घेतलेले पुढचे कोणतेही माप विश्वासाचे नसते. जिबच्या पट्टीवरील खळगे आणि त्यांत टेकणारे स्क्रू एका रेषेत नव्हते, त्यामुळे पट्टी तिरकी बसत होती आणि टेबलाची दिशा बदलली की ती स्वतःही लांबीच्या दिशेने थोडी सरकत होती. डायलवर हे सरकणे हुबेहूब बॅकलॅशसारखे दिसते. पट्टी सर्फेस प्लेटवर (अचूक सपाट फरशीवर) ब्लू, म्हणजे उंच जागा दाखवणारा निळा रंग, लावून तपासली, उंच जागा ऑईल स्टोनने उतरवल्या, खळगे नीट केले आणि मध्यभागी एक डॉवेल पिन बसवून तिचे सरकणे बंद केले. जिब जुळवताना लीड स्क्रू नटापासून सोडवून टेबल हाताने ढकलावे, म्हणजे प्रत्येक ठिकाणचा ओढा हाताला थेट कळतो. लॉक नट आवळताना ॲलन की स्क्रूमध्ये घट्ट धरून ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा जुळवणी त्याच क्षणी बदलते.

त्यानंतर टोकाचा आधार घेतला. स्क्रूच्या टोकाचा व्यास १० मिमी असल्याने १० × २४ मापाचे सुईचे थ्रस्ट बेअरिंग (बारीक रोलरांवर अक्षाच्या दिशेचा भार घेणारे) चालले. आधाराच्या दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग हवे, कारण एक ढकलण्याचा आणि दुसरे ओढण्याचा भार घेते. रोलरांचा पिंजरा २ मिमी आणि दोन चकत्या प्रत्येकी १ मिमी, अशी एका बाजूला ४ मिमी जागा लागते. ती लेथवर फेसिंग करून, म्हणजे टोकाचा पृष्ठभाग कापून काढली. या एका बदलाने स्क्रूचे सरकणे ०.०१ मिमीवर आले आणि हँडल पूर्वीपेक्षा हलके झाले. संपूर्ण कामातील सर्वांत समाधान देणारा भाग हाच होता.

नटाला चीर देऊन तो स्क्रूने आवळता येईल असा केला, पण बॅकलॅश शून्यावर आणण्याचा हट्ट धरला नाही. स्क्रू मधल्या भागात अधिक झिजतो. तेथे नट घट्ट बसवला की टेबल टोकांकडे अडकते आणि झीज वाढते. म्हणून सर्वांत घट्ट जागी मोकळेपणाने फिरेल एवढाच तो आवळला. आज एक्स अक्षात ०.०७ आणि वाय अक्षात ०.१० मिमी बॅकलॅश आहे, आणि इतक्या महिन्यांत त्यात जाणवण्याइतका फरक पडलेला नाही.

हाताने चालवायच्या यंत्राला एवढे पुरते. प्रत्येक मापाकडे एकाच दिशेने जावे, फीड कटरच्या फिरण्याविरुद्ध ठेवावी आणि ज्या अक्षात कापायचे नाही तो लॉक करावा. पृष्ठभागाच्या सफाईत या शेवटच्या सवयीने पडलेला फरक मला सर्वांत मोठा वाटतो, आणि तिला खर्च काहीच नाही. ॲल्युमिनियमवर ०.१ मिमीचा शेवटचा हलका कट आता क्लाइंब पद्धतीने, म्हणजे कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच फीड देऊन घेता येतो. पोलादावर मात्र मी तो घेत नाही, कारण कटरने टेबल ओढून घेण्याचा धोका अजून आहे.

स्पिंडल टेबलाला काटकोनात आणण्याचे काम त्या मानाने लवकर झाले. पुढे-मागे १५० मिमी अंतरात ०.०४ मिमी फरक होता. कॉलमच्या बुडाशी ०.०२५ मिमी जाडीची पितळी शिम (पातळ पत्री) घातल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला.

झेड अक्ष, म्हणजे वर-खाली हालचाल, हा या यंत्राचा खरा कच्चा दुवा आहे. स्पिंडल धरणारे डोके रॅक आणि पिनियनवर (दातेरी पट्टी व दातेरी चाक) चालत असल्याने दातांमधील मोकळीक उरतेच आणि एंड मिलने (टोकाने व बाजूने कापणाऱ्या कटरने) पकड घेतली की डोके खाली दबते. गॅस स्प्रिंग लावल्यावर डोक्याचे वजन तोलले गेले, तरी कट घेण्यापूर्वी डोके लॉक करणे टळत नाही.

बॉल स्क्रूचा (नटात गोळ्यांवर फिरणाऱ्या स्क्रूचा) सल्ला अनेक जण देतात. संगणकावर चालणाऱ्या यंत्रासाठी तो योग्य आहे, पण बॉल स्क्रू स्वतःहून अडून राहत नाही, त्यामुळे हाताच्या यंत्रावर कापताना टेबल आपोआप सरकून हँडलही फिरू शकते. त्याच पैशांत दोन अक्षांवर डिजिटल स्केल बसवावी, असे मी सुचवेन. ती टेबलाची जागा थेट मोजते, म्हणून वाचनात बॅकलॅश येत नाही. कापतानाचा सैलपणा मात्र तिने कमी होत नाही, आणि त्यासाठी आधी जिब व थ्रस्ट बेअरिंगचे काम करूनच घ्यावे लागते.